पोटात दुखतंय, सर

"पोटात दुखतंय, सर."

चौतीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल याची मोजदाद नाही. डोकं दुखतंय म्हणणाऱ्याच्या कपाळाला हात लावता येतो, पडला असेल तर खरचटलेलं दिसतं. पोटदुखीचं तसं नाही. ती फक्त दुखणाऱ्याला ठाऊक. म्हणूनच गृहपाठ न केलेल्या, पाढे न आलेल्या आणि नदीवर पोहायला जायची घाई झालेल्या यच्चयावत पोरांचं हे लाडकं दुखणं. आम्ही शिक्षकही कच्च्या गुरूचे चेले नव्हतो. "बस खाली, तासाभरात राहील" हे आमचं ठरलेलं औषध, आणि शंभरात नव्याण्णव वेळा ते लागूही पडायचं.

आज लिहायचंय ते उरलेल्या एका वेळेबद्दल. माझ्या आयुष्यात ती दोनदा आली. अलीकडची आधी सांगतो, कारण तिच्यामुळेच मला जुनीचा अर्थ लागला.

मे २०२३. आमच्या पुतण्याचं घर शिरोळच्या बाहेर, मळ्यात आहे. उसाला लागूनच म्हणा ना. सुट्टीत आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी तिकडे राहायला गेलो होतो. पुतण्याचा मुलगा अकरा वर्षांचा, सहावीत जाणारा. रात्री लाइट गेलेली, उकाडा म्हणजे काय विचारता! सोप्यातलं दार उघडं टाकून मी लोखंडी कॉटवर आणि तो खाली जमिनीवर वाकळ अंथरून झोपला होता. आमच्या दोघांत फार तर दोन हातांचं अंतर.

पावणेचारच्या सुमारास त्यानं मला हलवलं. "आबा, पोटात कळ आलीया."

माझ्या तोंडून पहिला प्रश्न काय निघाला? "आंबे किती खाल्लेस?"

चार खाल्ले होते. मग काय, निदान झालंच! हिनं ओवा-मीठ दिलं, कोमट पाणी दिलं. ते पाणी उलटून पडलं. "बरं झालं, पित्त पडलं," असं आम्ही एकमेकांना सांगितलं. पोरगं गुडघे पोटाशी घेऊन तळमळत होतं. ताप नाही, जुलाब नाही. उजाडता उजाडता पुतण्यानं त्याला गाडीवर मध्ये बसवून गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं, एक इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, अपेंडिक्सची शंका आहे, जयसिंगपूरला सोनोग्राफी करून घ्या. त्यांना मी दोष देत नाही. मी स्वतः आंब्यांना दोष देऊन बसलो होतो.

जयसिंगपूरच्या त्या छोट्या दवाखान्यात रात्रपाळीची एक तरुण डॉक्टर मुलगी घरी जायच्या तयारीत होती. खांद्याला पर्स होती. तिनंही पोट तपासलं. मग पुन्हा तपासलं. मी शेजारी उभा होतो म्हणून ऐकलं. ती नर्सला म्हणाली, "दुखतंय एवढं, पण पोट मऊ आहे." अपेंडिक्स बिघडलं की पोट ठरावीक जागी दुखतं, तिथं हात लावू देत नाही, कडक होतं. मुतखडा असेल तर कळ पाठीतून खाली उतरते. इथं पोट कापसासारखं आणि पोरगं कळवळतंय. हा मेळ तिला बसेना.

तिनं पर्स टेबलावर ठेवली आणि आम्हाला एक प्रश्न विचारला. मी जन्मभर प्रश्न विचारत आलो, पण इतका नेमका प्रश्न मला कधी सुचला नाही.

"रात्री हा कुठं झोपला होता?"

"खाली. जमिनीवर," मी म्हणालो.

त्यानंतर तिनं पोटाला हातच लावला नाही. "बाळा, वर बघ. माझ्या बोटाकडं. बघत राहा." त्यानं बघितलं, पण थोड्या वेळात पापण्या खाली यायला लागल्या. वर करायचा, पुन्हा उतरायच्या. मला वाटलं होतं झोप झाली नाही म्हणून. मग जीभ बाहेर काढ, थुंकी गिळून दाखव, उशीवरून मान उचल. शेवटी, "एका श्वासात किती आकडे म्हणतोस बघू." तो सोळापर्यंत गेला. दहा मिनिटांनी पुन्हा म्हणायला लावलं, अकरावर थांबला.

"मण्यार असणार," ती म्हणाली.

पुतण्या म्हणाला, "मॅडम, आम्ही साप बघितला न्हाई. त्याला कुठं चावल्याचा डाग न्हाई, सूज न्हाई."

"म्हणूनच मण्यार," ती म्हणाली.

वाचकहो, आमच्याकडे रात्री सापाचं नाव घेत नाहीत. 'लांबडं' म्हणतात, नाहीतर 'जनावर'. चावला म्हणायचं नाही, 'पान लागलं' म्हणायचं. पण तो साप आमच्या डोळ्यांपुढे येतो तो नागाचा. फणा काढलेला, फुत्कारणारा, चावला की पाय सुजून काळानिळा करणारा. बत्तीस शिराळा इथून काही फार लांब नाही, तिथंही पूजेचा मान नागालाच. मण्यारीची पूजा कुणी केलेली मी ऐकलेली नाही. ती दिवसा कुठंतरी विटांच्या ढिगात, जळणात, बिळात मुटकुळं करून पडून असते. रात्री उंदीर, पाली आणि दुसरे साप शोधत फिरते. काळसर निळं अंग, त्यावर जोडीजोडीनं पांढरे बारीक पट्टे. दात इतके आखूड की खूण सापडतेच असं नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसानं कूस बदलली, हात पडला, की डसते. माणूस बऱ्याचदा जागाही होत नाही. जागा होतो तो तास-दोन तासांनी, पोटातल्या कळेनं. पापण्या, जीभ, घसा, मान हे सगळं त्यानंतर. शेवटी श्वास.

म्हणजे जे दुखतं तिथं रोग नाही. आणि पोट धरून आलेल्या माणसाच्या पापण्यांकडे पाहायचं कुणाला सुचणार?

त्या मुलीनं तेवढ्या वेळात आणखी एक गोष्ट केली. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडं रक्त घेतलं आणि ती नळी वीस मिनिटं न हलवता ठेवून दिली. वीस मिनिटांनी आडवी केली तर रक्त गोठलेलं. घोणस किंवा फुरसं चावलं असतं तर बहुधा ते पातळच राहिलं असतं, असं तिनं सांगितलं. यंत्र नाही, वीज नाही, एक काचेची नळी आणि घड्याळ! शाळेच्या प्रयोगशाळेतही आम्ही याहून जास्त सामान वापरत होतो.

तिनं रक्ताची वाट पाहत औषध थांबवलं नव्हतं. सर्पविषावरची लस, म्हणजे प्रतिविष, दहा कुप्या सलाईनमधून सुरू केल्या होत्या. लहान मूल म्हणून कमी नाही, कारण सापानं विष काही वय बघून कमी सोडलेलं नसतं. अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या, हुडहुडी भरली, त्यावरचं इंजेक्शन तिनं आधीच भरून ठेवलं होतं. दुसरं एक इंजेक्शन नसांना जोर यावा म्हणून देऊन पाहिलं. नागाच्या विषात त्याचा चांगला उपयोग होतो म्हणे, मण्यारीत क्वचित. आमच्याकडे झाला नाही. आकडे सातवर आले होते. आवाज नाकातून यायला लागला होता. तिनं भूलतज्ज्ञाला बोलावून घशात नळी घातली आणि १०८ च्या गाडीतून आम्हाला मिरजेला पाठवलं. गाडीत एक जण पूर्ण रस्ताभर हातानं फुगा दाबत होता. अंकलीचा पूल आला तेव्हा मी डोळे मिटून घेतले. का ते पुढे कळेल.

मिरजेच्या मोठ्या रुग्णालयात तो सहा दिवस कृत्रिम श्वासाच्या यंत्रावर होता. या सहा दिवसांत मी जे शिकलो ते बीएच्या तीन वर्षांत शिकलो नव्हतो. माझा समज असा की लस दिली म्हणजे विष उतरलं. तिथल्या डॉक्टरांनी मला कागदावर आकृती काढून समजावलं. मण्यारीचं विष मज्जातंतूच्या टोकाशी जाऊन ते टोकच निकामी करतं, मग स्नायूला हुकूम पोचत नाही. प्रतिविष रक्तात मोकळं फिरणारं विष पकडतं. पण जिथं टोक आधीच मोडलंय ते त्याला दुरुस्त करता येत नाही. ते शरीर स्वतः, आपल्या गतीनं, नव्यानं घडवतं. त्याला दिवस लागतात. तोवर कुणीतरी श्वास चालू ठेवायचा, इतकंच. म्हणजे लस लवकर मिळणं महत्त्वाचं, आणि उशीर झाला तरी श्वास हातचा जाऊ न देणं त्याहून महत्त्वाचं.

तिसऱ्या दिवशी एक प्रसंग घडला. आमचे एक नातेवाईक आत जाऊन आले आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून रडायला लागले. नर्सनं डोळ्यांत बॅटरी मारली तरी बाहुली हलत नव्हती, ते त्यांनी पाहिलं होतं. "गेलं पोरगं, यंत्रावर ठेवलंय नुसतं." घरात घेऊन जायची भाषा सुरू झाली. डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, या विषात बाहुल्या मोठ्या होऊन अशाच थिजतात. ती मरणाची खूण नाही. मेंदू शाबूत आहे, त्याला सगळं ऐकू येतंय, त्याच्यापाशी बसून रडू नका, बोला.

काय बोलायचं? मला पाढे सुचले. रोज भेटीच्या वेळेत मी त्याच्या कानाशी बसून अकरापासून वीसपर्यंत पाढे म्हणायचो. पाचव्या दिवशी पायाचा अंगठा हलला. सातव्या दिवशी नळी निघाली. आवाज बसलेला होता. दोन घोट पाणी पिऊन त्यानं मला जवळ बोलावलं आणि म्हणाला, "आबा, सतराच्या पाढ्यात तुम्ही सातावर चुकलासा. दोनदा."

ही बाहेर जाऊन रडली. मीही गेलो असतो, पण त्यानं हात धरला होता.

घरी आल्यावर अर्थातच चर्चा झाल्या. साप सापडला नाही. सर्पमित्र येऊन जळण उपसून गेले, एक कवड्या निघाला. तो दिसायला मण्यारीचा भाऊ, पण बिनविषारी. कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक आणि शेपटीकडे पुसट, मण्यारीचे उलटे. (हे वाचून कुणी जवळ जाऊन पट्टे मोजायला बसू नका.) गावातले एक शहाणे म्हणाले, "साप दिसला न्हाई तर सापच कशावरनं?" त्यांना काय सांगणार! ज्या डॉक्टर मुलीनं ओळखलं तिनंही साप पाहिला नव्हताच. तिनं पापण्या पाहिल्या.

मग मला या विषयाचं वेडच लागलं म्हणा. मुलीनं इंटरनेटवरून काढून काढून पाठवलं, मी वाचत गेलो. आपल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर विंचवाच्या दंशावरच्या कामासाठी जगभर ओळखले जातात, २०२२ साली पद्मश्रीही मिळाली. त्यांनी मण्यार आणि नाग यांच्या दंशावर, खेड्यातल्या दवाखान्यात बसून पाहिलेल्या रुग्णांवर, २००४ मध्ये लिहून ठेवलंय. प्रतिविषाची गोष्टही गमतीची. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांचं विष थोडं थोडं घोड्यांना टोचून त्यांच्या रक्तातून ते काढतात. मुंबईच्या हाफकिनचं नाव आपण त्यासाठी लहानपणापासून ऐकत आलो. ते विष मोठ्या प्रमाणावर येतं तामिळनाडूतल्या इरुळा आदिवासींकडून. १९७८ पासून त्यांची सहकारी संस्था आहे. आपल्याकडे साखरेच्या आणि दुधाच्या सहकारी संस्था, त्यांच्याकडे विषाची! एका मिलिलिटर प्रतिविषानं नागाचं ०.६ मिलिग्रॅम विष निकामी व्हावं आणि मण्यारीचं ०.४५, असं प्रमाण ठरलेलं आहे. कुपी दहा मिलिलिटरची. आमच्या पोराला वीस कुप्या लागल्या.

आणि एक आकडा वाचला तो मात्र डोक्यातून जात नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशानं सुमारे बारा लाख माणसं गेली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक सगळी खेड्यातली. हा अंदाज दवाखान्यांच्या नोंदवह्यांतून आलेला नाही. घरोघर जाऊन, तुमच्या घरात जे माणूस गेलं ते कसं गेलं, काय काय झालं होतं, हे घरच्यांना विचारून आणि ती उत्तरं डॉक्टरांनी वाचून तो काढलाय. २०२४ मध्ये केंद्रानं सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस प्रत्येक दंशाची नोंद सक्तीची करा असं राज्यांना कळवलं.

माणूस कसं गेलं, काय काय झालं होतं. हे वाचताना मी चष्मा काढून ठेवला. मला कुणी विचारायला आलं नव्हतं.

१९८४ सालचा पावसाळा. बेंदूर होऊन गेलेला, शनिवारची सकाळची शाळा. मी चाचणी ठेवली होती आणि आदल्या दिवशी वर्गात ठणकावून सांगितलं होतं की गैरहजर राहणाऱ्याला शून्य. सहावीतला एक मुलगा होता. नाव लिहीत नाही, घरचे इथंच आहेत. वाचन सुरेख करायचा. म्हणून कुणी पाहुणे, साहेब आले की मी त्यालाच उभा करायचो. त्या दिवशी आल्या आल्या म्हणाला, "सर, पोटात दुखतंय."

"चाचणी झाली की राहील," मी म्हणालो. वर्ग हसला.

चाचणीआधी मी त्याला धडा वाचायला उभा केला. आवाज नाकातून येत होता, शब्द एकमेकांत अडकत होते. मी म्हणालो, "तोंडात सुपारी आहे का रे?" वर्ग पुन्हा हसला. डोळे अर्धे मिटलेले. "रात्री तमाशाला गेला होतास काय?" तिसऱ्यांदा हसला. तो बसला आणि बाकावर डोकं टेकवलं. मी म्हटलं, असू दे.

दुसऱ्या तासाची घंटा झाली तेव्हा त्याला मान उचलता येईना. तोंडातून लाळ गळत होती. मी घाबरलो. शिपायानं आणि मी त्याला सायकलवर घालून डॉक्टरांकडे नेलं, तिथून एकाची जीप मिळवून मिरजेकडे. मी मागे बसलो होतो, त्याचं डोकं माझ्या मांडीवर. तो शुद्धीत होता. माझ्याकडे बघत होता, म्हणजे मी पापणी उचलली की बघत होता. अंकलीचा पूल यायच्या आधी श्वास थांबला.

घरी कळलं ते असं. बेंदराला आलेले पाहुणे अजून घरात होते, म्हणून हा पडवीत गुरांजवळ जमिनीवर झोपला होता. पहाटे कळ येऊन उठला. आईनं चहा दिला तो त्याला गिळता आला नाही. चाचणी बुडेल म्हणून तसाच शाळेत आला.

आणि आदल्या रात्री त्याला चुलतीनं शिळी पुरणपोळी दिली होती.

दोन भावांच्यात तेव्हा वाटणीवरून तंटा चालू होता. पुढचं तुम्हाला सांगायला नको. कुणी आधी तोंडातून काढलं कोण जाणे, पण दहाव्याच्या आत सगळ्या गल्लीला ठाऊक झालं की चुलतीनं पोळीतून काहीतरी घातलं. पोलिसांत कुणी गेलं नाही. अंगणात भिंत मात्र उभी राहिली, ती अजून आहे. त्या बाईच्या हातचं हळदीकुंकू लोक टाळत. माझ्या बायकोनंही टाळलेलं मला आठवतं, आणि मी तिला काही बोललो नव्हतो. मीही ते खरंच मानत होतो. मानणं सोयीचं होतं. पोळीत विष असेल तर सुपारीचा विनोद करणारा मास्तर मोकळा.

मिरजेहून आल्यावर महिनाभरानं मी जयसिंगपूरला त्या डॉक्टर मुलीला भेटायला गेलो. पेढे घेऊन गेलो होतो, पण पेढ्यांसाठी गेलो नव्हतो. तिला हे सगळं सांगितलं. तिनं मध्ये मध्ये विचारलं. ताप होता? जुलाब? झटके? शेवटपर्यंत शुद्ध होती? मी आठवून आठवून सांगितलं. चाळीस वर्षांनंतर आठवणीवर भरवसा किती ठेवायचा, पण त्याच्या पापण्या मला अजून बोटांना आठवतात.

"छातीवर हात ठेवून नाही सांगता येणार, सर," ती म्हणाली. "पण पोळीतलं विष असं क्रमाक्रमानं पापण्या, घसा, मान, श्वास असं जात नाही सहसा, आणि शुद्ध अशी राहत नाही. तुम्ही जे सांगताय ते मण्यारीचं वर्णन आहे."

मी विचारलं, "त्या वेळी ओळखलं असतं तर वाचला असता?" मला वाटतं, मला 'नाही' ऐकायचं होतं. चौऱ्याऐंशी साल, खेडेगाव, कुठलं यंत्र नि कुठलं काय.

ती थोडं थांबून म्हणाली, "यंत्र नसताना नुसता हातानं फुगा दाबत बसूनही माणसं वाचवलेली आहेत. पाळीपाळीनं, दिवसरात्र." आणि मग, "पण ओळखणार कोण, सर? आम्हालासुद्धा शिकवावं लागतं."

तिनं खोटं सांगितलं नाही याबद्दल मी तिचा ऋणी आहे. परतीच्या एसटीत मात्र ते पचवायला जड गेलं.

यानंतर मी दीड वर्ष गप्प बसलो. चुलतीकडे जायचं तर सगळं सांगावं लागणार. पोळीचं सांगायचं आणि सुपारीचं गाळायचं हे मला जमलं असतं, भीती त्याचीच होती. शेवटी हीच म्हणाली, "जाणार असाल तर तिच्या जित्यापणी जा."

गेलो. बाई आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. पायरीवर बसून शेंगा फोडत होत्या. मी सगळं सांगितलं. मण्यार, पडवी, पापण्या, आमचं पोरगं, डॉक्टर. शाळेतलं पण. त्यांचे हात थांबले नाहीत. माझं संपल्यावर म्हणाल्या, "मला ठावंच हुतं की मास्तर. मी काय घातलं न्हवतं ते मला ठावं असणारच."

मी काय बोलणार!

मग म्हणाल्या, "लई दुकलं असंल का वो त्येला?"

मी म्हणालो, पोटात दुखलं असेल. नंतर नाही.

"मला सांगून काय उपेग? त्या अंगाला सांगा." त्यांनी भिंतीकडे मान हलवली. इथं लिहू का, असंही मी त्यांना विचारलं. "लिवा की. नाव घालू नगा म्हंजे झालं."

भिंतीला वळसा घालून पलीकडे गेलो. त्या मुलाचा धाकटा भाऊ घरी होता. तोही माझा विद्यार्थी, आता नातवंडं आहेत त्याला. उभ्यानंच ऐकलं त्यानं. सुपारीपाशी आलो तेव्हा खाली बघायला लागला. बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "सर, डॉक्टरनी हे लिवून दिलंय का?"

"नाही. ते लिहून देता येण्यासारखं नाही."

"मग तुम्ही द्या. आईला ऐकू येत न्हाई आता. पण चौथी झाल्याली हाय, पोथी वाचत्या अजून. मोठ्या अक्षरात लिवा."

घरी येऊन लिहायला बसलो. चार पानं झाली. फळ्यावर काढायचो तशी अक्षरं काढली, एका ओळीत पाच-सहा शब्द. सगळं लिहिलं, चाचणीचं आणि वर्ग तीनदा हसला तेही. दुसऱ्या दिवशी सकाळी नेऊन दिली. त्यानं ती वाचली नाहीत. घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली, "चहा घेणार का सर?" म्हणाला, आणि आत गेला.